कोड बदलला, हिशोब तोच राहिला का?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल तर आज काळजी नको, भाग संपेपर्यंत फार तर दोन सिग्नल पुढे जाल. आणि जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित मजकूर आहेच.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. प्रश्न साधारण असा: "दादा, कॉलेजमधून कंपनीत आलो, वाटलं काहीतरी नवीन बनवू. आणि टाकलं कुठे, तर मायग्रेशन प्रोजेक्टवर. जुना कोबॉलचा कोड जावामध्ये करायचा. आता तर एआय टूलच अर्धं काम करतं. मग मी इथे काय शिकणार? माझं करिअर संपलं का?"

मी स्वतः बीटेक झाल्यापासून गेली काही वर्षं असल्याच कामात आहे. त्यामुळे बाहेरून दिलेला सल्ला म्हणून हे ऐकू नका. एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे नक्की काय असतं, त्यात अवघड काय आहे, आणि त्यातलं कुठलं काम मशीन करेल आणि कुठलं आपल्यालाच करावं लागेल, हे आज जरा नीट बघू.

पहिली गोष्ट. हे काम "साइडचं" आहे असं वाटत असेल तर थोडा इतिहास सांगतो. भारतातून सॉफ्टवेअर निर्यात होतं हे आज आपल्याला नवीन नाही. पण टीसीएसची सुरुवातीची परदेशी ऑर्डर काय होती माहितीये? १९७४ साली बरोज या अमेरिकन कंपनीसाठी एका हॉस्पिटलच्या माहिती प्रणालीचा कोड बदलून द्यायचा होता. कशातून कशात? कोबॉलमधून कोबॉलमध्ये!

हसू नका. बरोजची मध्यम आकाराची मशीन्स वेगळी आणि लहान मशीन्स वेगळी. दोन्हींवर कोबॉलच, पण बोली वेगळी. पुण्याच्या पेठेतली मराठी आणि वऱ्हाडी, दोन्ही मराठीच ना? पण एकात सहज म्हटलेलं वाक्य दुसरीकडे भलताच अर्थ घेऊन बसतं, तसं. आणि खरी गंमत पुढे आहे. हे काम मुंबईत झालं ते आयसीएल १९०३ नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या मशीनवर. म्हणजे ज्या मशीनवरून कोड निघाला ते समोर नाही, ज्या मशीनवर जायचा तेही समोर नाही. फकीरचंद कोहली तेव्हा टीसीएस चालवत होते. आज ज्या उद्योगावर अर्धं पुणे घराचे हप्ते भरतंय, त्याच्या अगदी सुरुवातीला एक कोड कन्व्हर्जनचं काम आहे.

पुढे १९८१ मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. मगरपट्ट्याला जाता-येता तुम्ही त्या भागातून शंभर वेळा गेला असाल. तिथे जे काम झालं त्यात एक मोठा धागा होता, तो म्हणजे प्रोग्रॅम वाचून त्याचा अर्थ लावणारे प्रोग्रॅम तयार करणं. तिथे काम केलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक केशव नोरी. ते त्याआधी झुरिकला ईटीएच मध्ये होते आणि १९७४ मध्ये आलेल्या पास्कल-पी कंपायलरच्या लेखकांपैकी ते एक होते.

पास्कल-पी मागची कल्पना समजून घ्या, कारण कन्व्हर्जनचं सगळं गणित तिच्यात आहे. समजा तुमच्याकडे ५ भाषा आहेत आणि ४ प्रकारची मशीन्स. प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक मशीनचा वेगळा अनुवादक लिहायचा म्हटलं तर ५ गुणिले ४, वीस अनुवादक लागतात. त्याऐवजी मध्ये एक सामायिक भाषा ठेवली तर? सगळ्या भाषा आधी त्या मधल्या भाषेत आणायच्या आणि तिथून मशीनवर न्यायच्या. मग ५ अधिक ४, नऊच लागतात. पास्कल-पी मध्ये त्या मधल्या भाषेला पी-कोड म्हणत. जावाचा बाइटकोड त्याच जातकुळीतला. आणि आजही एखादं चांगलं कन्व्हर्जन टूल असंच चालतं. ते आधी जुना कोड वाचतं, त्याचं एक झाड बनवतं, म्हणजे कुठली अट कुणाच्या पोटात आहे, कुठला आकडा कुठून आला. त्या झाडावरून अर्थाची मधली मांडणी करतं. आणि मग त्यावरून नव्या भाषेतला कोड लिहितं. ओळीमागून ओळ बदलत जाणारं टूल फार लांब जात नाही.

आता नव्वदचं दशक. वायटूके. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते. ९९ नंतर ०० आलं की मशीनला वाटणार १९०० साल उजाडलं. जगभरातल्या कंपन्यांना कोट्यवधी ओळींमधून तारखा शोधून दुरुस्त करायला माणसं हवी होती आणि भारतातून हजारो इंजिनिअर त्या कामाला लागले. पुण्यातल्या आयटीची गाडी वेग घ्यायला लागली तो हाच काळ. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने दुसऱ्यांचा जुना कोड वाचूनच नाव कमावलं. ही वंशावळ लक्षात ठेवा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

बरं, इतिहास झाला. आता कामाचं बोलू. अवघड काय असतं?

बहुतेकांना वाटतं की व्याकरण अवघड. तिथे सेमीकोलन, इथे कंस. हे सगळ्यात सोपं. मशीन ते बिनचूक करतं. अडचण येते ती सारख्या दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ वेगळा असतो तेव्हा.

साधं उदाहरण घ्या. उणे ७ भागिले २, पूर्णांकात. जावाला विचारा, उत्तर येतं उणे ३. पायथनला पूर्णांक भागाकार करायला सांगा, उत्तर येतं उणे ४. दोघांचंही बरोबर आहे. जावा शून्याच्या दिशेने तोडतं, पायथन खालच्या दिशेने जातं. कोड दोन्हीकडे चालतो, एरर कुठेच येत नाही. आणि एरर न येणारी चूकच सगळ्यात महाग पडते.

दुसरं उदाहरण पैशांचं. कोबॉलमध्ये दशांश आकडे दशांश पद्धतीनेच साठवता येतात. आणि उत्तर ठेवायला जागा दोन दशांश स्थळांचीच असेल आणि तुम्ही "राउंडेड" असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर कोबॉल पुढचे आकडे सरळ कापून टाकतं. वरच्या पैशाला नेत नाही. आता एखाद्या मुलाने तेच गणित जावामध्ये साध्या डबल मध्ये लिहिलं आणि शेवटी राउंड केलं, तर काय होतं ते आकड्यांत बघू.

२५,००० रुपयांची ठेव. व्याजदर साडेसहा टक्के. ९२ दिवस. वर्ष ३६५ दिवसांचं. व्याज येतं ४०९.५८९ रुपये आणि काही. जुना कोबॉल कापतो, ४०९.५८. नवा जावा राउंड करतो, ४०९.५९. एक पैसा! तुम्ही म्हणाल, एका पैशाचं काय घेऊन बसलात? समजा ४०,००० खाती आहेत आणि प्रत्येक खात्यात असाच एक पैसा जास्त पडला, तर ४०० रुपये होतात. चारशे रुपयांसाठी बँक बुडत नाही. पण ताळेबंद जुळत नाही. आणि ताळेबंद जुळत नसेल तर ऑडिटर सही करत नाही.

आता त्याच हिशोबात वर्ष ३६६ दिवसांचं धरा, म्हणजे लीप वर्षाची "सुधारणा" कुणीतरी हौसेने केली असं समजा. कापल्यावर व्याज येतं ४०८.४६. १ रुपया १२ पैशांचा फरक. जुना कोड लीप वर्षातही ३६५ च धरत होता. तो बरोबर होता की चूक? हे कोड बघून सांगता येत नाही. ठेवीदाराशी करार काय झालाय त्यावर ते ठरतं.

इथे मी आमच्या प्रोजेक्टमधली एक गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही, समजून घ्या. एका पतपुरवठा करणाऱ्या संस्थेचं व्याजाचं गणित आम्ही कोबॉलमधून जावामध्ये नेत होतो. त्यात एक इफ होता. खात्याचा प्रकार तीन विशिष्ट कोडपैकी असेल तर वर्ष ३६० दिवसांचं धर, नाहीतर ३६५. टिप्पणी नाही, तारीख नाही, कुणी लिहिलं ते नाही. आमच्या टूलने त्याच्यावर शेरा मारला: विसंगत अट, काढून टाकण्याचा विचार करावा. टीममध्येही दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, हा सरळ बग आहे, एकाच संस्थेत दोन प्रकारची वर्षं कशी असतील?

आम्ही क्लायंटच्या अकाउंट्स विभागात विचारायला गेलो. तिथे एक मॅडम होत्या, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांनी स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, "अरे बाळांनो, ही त्या विलीन झालेल्या संस्थेची खाती. ती संस्था आपल्यात आली तेव्हा तिथल्या जुन्या ठेवीदारांना लेखी दिलं होतं की तुमची ठेव नूतनीकरण होत राहील तोवर व्याज तुमच्या जुन्याच पद्धतीने मिळेल. त्यांच्याकडे वर्ष ३६० चं धरायचे."

म्हणजे मघाचीच ठेव घ्या. ३६० ने भागलं तर व्याज ४१५.२७. तो इफ काढला असता तर ४०९.५८. दर तिमाहीला ५ रुपये ६९ पैसे कमी. रक्कम छोटी, पण ज्यांचं घर व्याजावर चालतं ती म्हातारी माणसं पासबुकातला पैसा न् पैसा बघतात. आणि मुद्दा रकमेचा नाहीच. संस्थेने शब्द दिला होता. तो कागद कुठल्या कपाटात आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो शब्द रोज रात्री त्या एका इफमधून पाळला जात होता. आणि हे माहीत असलेली व्यक्ती आठ महिन्यांत घरी जाणार होती.

मला विचाराल तर मायग्रेशनच्या कामातला खरा ऐवज हा आहे. जुन्या कोडमध्ये संस्थेची आठवण साठलेली असते. थोडी कचऱ्यासारखी, थोडी अमूल्य, आणि दिसायला दोन्ही सारखीच.

उलटा धोकाही आहे. कोड एक अक्षर न बदलता तसाच नेला, तरी भोवतालचं जग बदललेलं असतं. ४ जून १९९६, युरोपचं आरियान ५ रॉकेट. त्याच्या दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला काही कोड आधीच्या आरियान ४ मधून तसाच घेतला होता. त्या रॉकेटवर तो वर्षानुवर्षं नीट चालला होता. पण नवं रॉकेट जास्त वेगवान. एक ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या जागेत घालायला गेले, तो मावला नाही, यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट आकाशातच फुटलं. जुन्या कोडमध्ये गृहीत धरलेली गोष्ट कुणीच तपासली नव्हती.

मग हे काम करायचं कसं? मी चार गोष्टी सांगतो. अनुभवाने पटलेल्या.

पहिली. आधी भाषांतर करा, सुधारणा नंतर. दोन्ही एकदम करू नका. जुन्या कोडमध्ये चूक दिसली तरी ती आधी जशीच्या तशी नव्या कोडमध्ये आणा, यादीत लिहून ठेवा, क्लायंटला दाखवा. त्यांनी सही केली की वेगळा बदल म्हणून दुरुस्त करा. कारण दोन्ही एकत्र केलं आणि आकडा जुळला नाही, तर भाषांतर चुकलं की सुधारणेमुळे फरक पडला, हे कुणालाच सांगता येत नाही.

याचं अलीकडचं मोठं उदाहरण सांगतो. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की तो आम्ही गो भाषेत नेतोय. लोकांनी विचारलं, रस्ट का नाही? अँडर्स हेल्सबर्ग, म्हणजे टर्बो पास्कल आणि सी शार्प करणारा माणूस, त्याचं उत्तर थोडक्यात असं की आम्हाला नव्याने लिहायचं नाहीये, आहे ते न्यायचंय. जुन्या कोडची जी रचना आहे ती गो मध्ये जवळपास तशीच ठेवता येते. त्यामुळे वागणूक तीच राहते. आणि वेग? व्हीएस कोडचा संपूर्ण कोड तपासायला जिथे ७७.८ सेकंद लागायचे तिथे ७.५ सेकंद. एवढ्या हुशार लोकांनी रचना बदलायचा मोह टाळला, हे मला जास्त शिकण्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट. जुना प्रोग्रॅम हाच परीक्षक. तुमच्याकडे लेखी स्पेसिफिकेशन बहुधा नसतं, असलं तरी जुनं झालेलं असतं. मग एकच इनपुट जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रॅमला द्या आणि आउटपुट पैशापैशाने ताडून बघा. मायकेल फेदर्सने २००४ च्या त्याच्या पुस्तकात यालाच कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हटलंय. कोडने काय करायला हवं हे न विचारता, तो आत्ता काय करतो ते आधी पक्कं नोंदवायचं. आणि इनपुट निवडताना विचित्र तारखा हव्यातच. २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, शून्य शिल्लक, उणे शिल्लक, मुदतीआधी मोडलेली ठेव. नेहमीची खाती नेहमीच जुळतात. फरक कोपऱ्यात लपलेला असतो.

तिसरी. एका रात्रीत सगळं बदलू नका. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवलेला बघितलाय ना? हळूहळू मुळं सगळीकडे जातात आणि एक दिवस लक्षात येतं की आता भिंत पिंपळाच्या आधाराने उभी आहे. मार्टिन फाउलरने ऑस्ट्रेलियातलं असंच एक झाड बघून या पद्धतीला नाव दिलं, स्ट्रँगलर फिग. आधी फक्त व्याजाचा भाग नव्या कोडमध्ये. तो महिनाभर जुन्याच्या जोडीने चालवा. जुळला की पुढचा भाग. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला सगळ्या ग्राहकांची खाती नव्या सिस्टिमवर हलवली आणि लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यात जाता येईना. पुढे बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला.

चौथी. नव्या भाषेत गेल्यावर तिच्यासारखं बोला, पण सावकाश. कोबॉलमधला कोड यांत्रिकपणे जावामध्ये आणला की जे तयार होतं त्याला आमच्या धंद्यात "जोबॉल" म्हणतात. नाव जावा, वागणं कोबॉल. सगळे व्हेरिएबल ग्लोबल, हजार ओळींचं एक फंक्शन, नावं अशी की कोबॉलवाल्याला कळत नाहीत आणि जावावाल्यालाही नाही. पहिल्या टप्प्यात जोबॉल चालेल. पण टेस्ट हातात असताना हळूहळू तो साफ केला नाही, तर दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या जावाचं मायग्रेशन करावं लागेल.

आता तुमच्या मनातला मुख्य प्रश्न. एआय आलंय, मग आपण कशाला?

खरं सांगतो, टाइप करण्याचं काम गेलंच. फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्रान्सकोडर दाखवलं, जावा, पायथन आणि सी प्लस प्लस यांच्यात फंक्शन बदलून देणारं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या दार्पाने सी मधला कोड आपोआप रस्टमध्ये नेण्यासाठी ट्रॅक्टर नावाचा कार्यक्रमच सुरू केला. आज आमच्या टीममध्ये जे फंक्शन बदलायला आधी एक दिवस जायचा ते चहा संपेपर्यंत तयार असतं. दिसायला सुंदर, टिप्पण्यांसकट.

पण ते बरोबर आहे हे कोण सांगणार? ३६० चा इफ आठवा. त्याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं, इंटरनेटवर नव्हतं, कुठल्याही मॉडेलच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. ते अकाउंट्स विभागातल्या एका खुर्चीवर बसलं होतं. भाषांतर स्वस्त झालं की पडताळणी महाग होते. आणि पडताळणी करायला धंदा कळावा लागतो, म्हणजे व्याज कसं मोजतात, ठेव मोडली तर काय होतं, ऑडिटर काय मागतो.

म्हणून ज्याने विचारलं की "मी सोडू का?", त्याला माझं उत्तर असं. या सोमवारी ऑफिसला गेलास की स्वतःला तीन प्रश्न विचार. मी जो कोड बदलतोय तो कुणासाठी काय करतो, हे मला माहीत आहे का? तो वापरणाऱ्या माणसांशी मला बोलता येतं का? आणि आउटपुट जुळवून बघायची पद्धत आमच्याकडे आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर थांब, तू असं काही शिकतोयस जे ट्युटोरियल बघून येत नाही. एखाद्याचं नाही असेल तर मॅनेजरकडे जाऊन ते माग. "मला यूझरबरोबरच्या मीटिंगला बसू द्या" एवढं म्हणायला काही लागत नाही. आणि सहा महिने मागूनही तिन्ही नाहीच असतील, टूलमधून आलेला कोड फक्त पुढे ढकलत असशील, तर मग बिनधास्त दुसरं बघ. तिथे थांबून खरंच काही मिळणार नाही.

आणि अजून एक काम सगळ्यांसाठी. तुमच्या प्रोजेक्टवर जर निवृत्तीला आलेलं कुणी असेल, क्लायंटकडचं किंवा आपल्याकडचं, तर या आठवड्यात त्यांच्याबरोबर एक चहा घ्या. सोबत तुम्हाला न कळलेल्या पाच इफची यादी न्या. विचारा, "सर, मॅडम, हे का आहे?" आणि जे सांगतील ते टेस्ट म्हणून लिहा, टिप्पणी म्हणून लिहा, तारखेसकट. तुमच्यानंतर तो कोड उघडणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

तुमच्या कोडमध्ये असा कुठला इफ सापडलाय का, ज्याच्यामागे एखादी गोष्ट निघाली? कंपनीचं नाव न घेता मला लिहून पाठवा, त्यातल्या चांगल्या गोष्टी एका भागात वाचून दाखवेन. पुढच्या वेळी बोलू डेटाबेस मायग्रेशनवर, तिथे तर मराठी नावांच्या स्पेलिंगनेच आमची झोप उडवली होती. तोवर मजेत राहा, टेस्ट लिहीत राहा. भेटू!